डब्यातला भुंगा शेतातूनच येतो

वालाचं पीक दोनदा हातचं जातं. एकदा कार्तिकात, भात झोडायच्या गडबडीत पेरणी आठ-दहा दिवस मागे पडते तेव्हा. दुसऱ्यांदा ज्येष्ठात, शिमग्याच्या सुमारास भरून ठेवलेला डबा उघडल्यावर वालाबरोबर भुंगेरेही बाहेर पडतात तेव्हा. मधल्या काळात वाल फारसं काही मागत नाही. खत थोडं पुरतं, पाणी असलं तर एखाद-दुसरं द्यावं, नसलं तरी तो तग धरतो. म्हणून या लेखात पेरणीची वेळ आणि साठवण यांवरच भर आहे, बाकीचं ओघात येईल.

बोलायचं आहे ते मुख्यतः रायगड जिल्ह्यातल्या कडव्या वालाबद्दल. अलिबाग, पेण, रोहा, माणगाव या पट्ट्यात भाताचं खाचर रिकामं झालं की उरलेल्या ओलीवर हे पीक घेतात. घाटावरचा पावटा, चपट्या शेंगांची वालपापडी, गुजरातच्या उंधियूतली सुरती पापडी आणि बंगळुरूकडची अवरे ही सगळी त्याचीच भावंडं. शास्त्रज्ञांच्या लेखी सगळ्यांचं नाव एकच, लॅबलॅब पर्प्युरियस. त्यामुळे इथलं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

पेरणीचा निर्णय जूनमध्येच

ज्या खाचरात वाल घ्यायचा तिथे गरवं भात लावू नका. गरवं भात नोव्हेंबरात उशिरा निघतं आणि तोवर वरची माती कोरडी पडून तडकायला लागते. कर्जत-3 सारखी हळवी जात लावली तर ऑक्टोबरात शेत मोकळं होतं. वालाची पेरणी कार्तिकात असली तरी ती साधणार की नाही हे जूनमध्ये रोप टाकतानाच ठरलेलं असतं. ही गोष्ट पुस्तकी वाटेल, पण दरवर्षी "ओल राहिली नाही" म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांत गरवं भात लावणारेच जास्त असतात.

ओल पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. चार बोटं खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटला, तर आजच पेरा. बोटांना चिखल लागला तर दोन-तीन दिवस थांबा. अशा जमिनीत नांगर घातला की ढेकळं होतात आणि बी कुजतं. गोळाच होत नसेल तर उशीर झालेला आहे. मग बी चार-पाच तास भिजवून, सावलीत सुकवून टोकणीने खाली ओलीपर्यंत पोचवावं लागतं आणि एक हलकं पाणी दिल्याशिवाय भागत नाही.

नांगरट एकच आणि उथळ. सकाळी नांगर, त्याच्या मागोमाग तासात बी आणि लगेच वरून फळी. सकाळी नांगरून दुपारी जेवून आल्यावर पेरू म्हटलं तर त्या चार तासांच्या उन्हात वरच्या थरातली ओल उडून जाते. बैल किंवा पॉवर टिलर मिळत नसेल तर नांगराची वाट बघत बसू नका. भाताच्या खुंटांमधून काठीने भोकं पाडून टोकण करा. तसाही वाल येतो आणि वेळ साधते.

दोन ओळींत साधारण 30 सेंटिमीटर आणि दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा, बी तीन ते पाच सेंटिमीटर खोल जाऊ द्या. गुंठ्याला अंदाजे अर्धा किलो बी लागतं. दाट पेरलं तर दिसायला शेत भरगच्च दिसतं, पण ओलीवरच्या पिकात प्रत्येक जादा रोप शेजाऱ्याचं पाणी पितं. उगवण झाल्यावर गर्दी असेल तिथली रोपं न कळवळता उपटून टाका.

बियाणं घरचं असेल तर भोक पडलेले, चुरमडलेले दाणे निवडून काढा. विकत घेणार असाल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण वाल-1 आणि कोकण वाल-2 या जाती भातानंतरच्या पिकासाठीच आहेत. पेरणीआधी किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा आणि मग रायझोबियम. रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला पुरतं. मागताना चवळी गटाचं मागा, वालाच्या मुळांवर त्याच गटाच्या जिवाणूंच्या गाठी होतात. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने लावा आणि सावलीत सुकवा. उन्हात सुकवलं तर जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे वाया जातात.

खत म्हणाल तर गुंठ्याला सव्वा किलो डीएपी, पेरणीच्या वेळी एकदाच, बियाच्या बाजूला किंवा खाली. वाल आपला नत्र आपण मिळवतो. हौसेने युरिया टाकला तर पाला गुडघ्याच्या वर जातो आणि शेंगा शोधाव्या लागतात.

आता राखणीचं. कोकणात भात निघालं की गुरं मोकाट सोडायची पद्धत आहे. एकट्यादुकट्याने वाल पेरला तर तो गावभरच्या गुरांसाठी पेरल्यासारखाच. कुंपणाचा खर्च गुंठ्याच्या हिशेबाने कधीच परवडत नाही. ज्या गावांत अजून वाल चांगला होतो तिथे सलग पट्टा एकाच आठवड्यात पेरलेला असतो आणि गुरं कधीपर्यंत बांधून ठेवायची हे गावकीत बसून ठरवलेलं असतं. वालाचं क्षेत्र घटण्यामागे बाजारभावाइतकंच हे ठरवणं बंद पडणंही आहे, असं माझं मत आहे. तेव्हा यंदा पेरायचं असेल तर आधी बांधाला बांध असलेल्या चार शेतकऱ्यांशी बोला, बियाण्याच्या दुकानात नंतर जा.

परसातला वेल

मांडवावर चढणाऱ्या वालाचं तंत्र वेगळं आहे. तो मृगात लावतात आणि मग पाऊसभर नुसता पाला. श्रावणात लोक वैतागतात, कुणी वेल कापून टाकतं, कुणी खताचा मारा करतं. दोन्ही चूक. गावठी वेल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलतच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याला पांढरे किंवा जांभळे तुरे येतील आणि मग पार माघापर्यंत शेंगा निघत राहतील. तोवर करायचं ते एवढंच: वेल मांडवाच्या उंचीला पोचला की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात, आणि बुडाशी पाणी साचू देऊ नका. रात्रभर जळणाऱ्या रस्त्याच्या दिव्याखाली वेल लावू नये. त्याला रात्र लांब झाल्याचं कळत नाही आणि फुलोरा लांबतो.

गच्चीत किंवा बाल्कनीत लावायचा असेल तर वेलाच्या नादी न लागता झुडपी जात घ्या. दापोलीची कोकण भूषण, बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या बुटक्या जाती आहेत. अर्काच्या दोन्ही जाती दिवसाच्या लांबी-रुंदीकडे बघत नाहीत. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या हेब्बाळ अवरे-3 आणि 4 याही तशाच, बारमाही. चौदा-पंधरा इंची कुंडीत दोन रोपं पुरे. कुंडी निदान सहा तास ऊन मिळेल तिथे ठेवा. सावलीत वाल जगतो, पण शेंग धरत नाही.

अमेरिकेत किंवा युरोपात राहून गावाहून नेलेलं बी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिकडचा उन्हाळ्याचा दिवस इतका लांब की गावठी वेल छपरापर्यंत जातो आणि फुलायला लागतो तेव्हा पहिला हिमतुषार येऊन ठेपलेला असतो. तिथे दिवसाच्या लांबीला न जुमानणारी झुडपी जातच लावावी. बी नेण्याआधी त्या देशाचे नियम मात्र पाहा.

फुलापासून शेंगेपर्यंत

शेतातल्या वालाला पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. पाणी असेल तर एक फुलोऱ्याच्या वेळी आणि एक शेंगा भरताना द्या. एकच देणं शक्य असेल तर ते शेंगा भरताना.

डिसेंबरात आभाळ भरून आलं, दोन-तीन दिवस तसंच राहिलं, की मावा ठरलेला. कोवळ्या शेंड्याखाली आणि फुलाच्या दांड्यावर काळा थर दिसतो, मुंग्यांची ये-जा वाढते, पानं चिकट होतात. सुरुवातीला चार-पाच झाडांवरच असतो तेव्हा ते शेंडे खुडून पिशवीत भरा आणि जाळून टाका. निम्मं काम तिथेच होतं. त्याच्याही आधी जरा निरखून पाहा. माव्यात लाल-काळ्या ठिपक्यांचे लेडीबर्ड भुंगेरे किंवा त्यांच्या करड्या, काटेरी दिसणाऱ्या अळ्या फिरत असतील तर फवारणीची घाई करू नका, त्या मावाच खातात. नसतील तर पाच टक्के निंबोळी अर्क घ्या. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण विरघळवायचा आणि उन्हं कलल्यावर फवारायचं.

शेंगा पोखरणारी अळी जास्त नुकसान करते, कारण ती आत असते. फुलांचे गुच्छ जाळ्याने एकत्र चिकटलेले दिसले तर उघडून पाहा. असे गुच्छ हाताने काढून नष्ट करावेत. शेतात जागोजागी पक्ष्यांना बसायला टी आकाराच्या काठ्या रोवल्या की कोतवाल आणि साळुंक्या बरंच काम करून टाकतात. एखाद्या झाडाची पानं पिवळ्या-हिरव्या ठिगळांची झाली तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते, त्यावर औषध नाही. झाड दिसताक्षणी मुळासकट उपटा.

रासायनिक फवारणी करावीच लागली तर डब्यावर लिहिलेले काढणीपूर्व दिवस पाळा. वालाच्या शेंगा आठवड्याला तोडून ताज्याच खाल्ल्या जातात, त्यामुळे इथे ही चूक थेट ताटात येते.

हिरवी शेंग तोडायची वेळ डोळ्यांपेक्षा बोटांना बरी कळते. दाणा शेंगेच्या सालीतून वर उठलेला असावा आणि अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबावा. दाणा दगडासारखा लागला तर ती शेंग झाडावरच राहू द्या, सुक्या वालात जमा होईल. वालपापडीचं उलटं: दाणा उठायच्या आतच तोडायची, कारण तिथे साल खायची असते. शेंग ओढून काढू नका. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने मोडा. त्याच दांड्यावर वर अजून फुलं असतात. सहा-सात दिवसांनी तोडणी करत राहिलात तर झाड नवी फुलं काढत राहतं.

थंडीतल्या शेंगांना तेलकट चिकटा असतो आणि त्याचा उग्र वास तोडणाऱ्याच्या बोटांना दिवसभर राहतो. बंगळुरूकडे गिऱ्हाईक या वासावरून अवरेची पारख करतं. आपल्याकडे त्या वासाच्या शेंगा पोपटीत जातात. जानेवारीत रायगडात शेताच्या बांधावर पोपट्या लागतात: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर जाड मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, जोडीला बटाटे, अंडी, कोंबडी, वरून पुन्हा पाला दाबून बसवलेला. मडकं उपडं ठेवून पेंढा आणि लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंब घालत नाहीत, शेंगा आणि पाला यांच्याच वाफेवर सगळं शिजतं. पोपटीसाठी शेंग पूर्ण भरलेली पण हिरवीच हवी. पिवळट शेंग टाकली तर ती कोरडी पडते.

हिरव्या शेंगा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतात, तेही ओल्या न करता कापडी पिशवीत, खालच्या कप्प्यात. फार थंडीने सालीवर तपकिरी डाग पडतात. जास्त दिवस हवेत तर दाणे सोला, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढा, पंच्यावर कोरडे करा आणि पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. सहा महिने चव टिकते. उकळत्या पाण्याची पायरी गाळली तर दोन महिन्यांत दाण्याला गवतासारखा वास यायला लागतो.

काढणी: इथेच साठवण सुरू होते

साधारण साडेतीन महिन्यांत पीक वाळतं. तीन-चतुर्थांश शेंगा वाळल्या की काढणी करा, शेवटच्या शेंगेची वाट पाहू नका. यामागे दोन कारणं आहेत. शेंगा तडकून दाणे भुईवर पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. कडधान्याचा भुंगेरा उडत येऊन शेतात वाळत असलेल्या शेंगांवरच अंडी घालतो. अळी शेंगेतून दाण्यात शिरते आणि खळ्यावर येणारा वाल वरून धडधाकट दिसत असला तरी त्यातल्या काही दाण्यांत पाहुणा आधीच बसलेला असतो. लोक डब्याला दोष देतात, झाकणाला दोष देतात, कोठीतल्या जुन्या तुरीला दोष देतात. जुन्या धान्यातूनही तो येतो हे खरं, पण स्वच्छ कोठीतसुद्धा वाल किडतो तो याच कारणाने. शेतात वाळलेलं पीक जितके दिवस उभं, तितकी अंडी जास्त.

म्हणून झाडं पहाटे, दव असताना उपटा. दवाने शेंगा नरम असतात, तडकत नाहीत. खळ्यावर पसरून तीन-चार दिवस वाळवा आणि लगेच झोडा. महिनाभर पेंढ्या रचून ठेवायची सवय इथे महागात पडते. झोडल्यावर उरलेला पाला-भुसा गुरं आवडीने खातात. तो कोठीजवळ साठवू नका.

झोडलेला वाल पाखडून, फुटके आणि सुरकुतलेले दाणे वेगळे करून पुन्हा दोन-तीन कडक उन्हं द्या. दाताखाली दाणा चेपला तर अजून ओला आहे, कट् करून तुटला तर झाला. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर वाल आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, साठवायचा विचारसुद्धा नको. आपल्याला तो दहाच्या आसपास आणायचा आहे, म्हणजे मीठ चिकटलं नाही तरी दाताची परीक्षा पास व्हायला हवी. आणि उन्हातून उचललेला गरम वाल थेट डब्यात ओतू नका. आतल्या आत घाम धरतो आणि पावसाळ्यात त्याला बुरा येतो. रात्रभर गार होऊ द्या.

साठवण

शत्रू कसा वाढतो ते आधी पाहा. एक मादी ऐंशीच्या घरात अंडी घालते, उबदार हवेत महिन्याभरात नवे भुंगेरे बाहेर पडतात, आणि प्रौढ भुंगेऱ्याला खायलाही लागत नाही. त्याला फक्त जोडीदार आणि अंडी घालायला दाणा हवा. फाल्गुनात दहा किलोत दहा-बारा किडके दाणे असले तरी आषाढापर्यंत तीन-चार पिढ्या होतात.

दहा दाणे तळहातावर घेऊन खिडकीशी जा. वालाच्या एका कडेला जी पांढरी रेघ असते ती त्याची स्वतःची, तिला घाबरू नका. सालीवर दुसरीकडे कुठे खसखशीहून बारीक पांढरा ठिपका घट्ट चिकटलेला दिसला, नखाने सहज निघत नसेल, तर ते अंडं. पांढरं दिसतंय म्हणजे अळी त्यातून थेट दाण्यात उतरून गेलेली आहे. पुढची खूण म्हणजे सालीखाली गोल, धुरकट खिडकी: आत भुंगेरा तयार आहे, आज-उद्या झाकण ढकलून बाहेर येईल. भोक दिसलं तर तो गेलेला आहे आणि एव्हाना शेजारच्या दाण्यांवर अंडी घालून मोकळाही झाला आहे.

ही आतली अळी मारणं ही साठवणीची पहिली पायरी. शहरात घरी दोन-चार किलो वाल घेणाऱ्यांना सर्वांत सोपं म्हणजे फ्रीजर. किलोकिलोच्या कोरड्या पिशव्या बांधून आठ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव जमतं. गावाकडे जास्त माल असेल तर उन्हालाच कामाला लावा. मार्चच्या निरभ्र दिवशी काळ्या प्लास्टिकवर वाल इंचभर पातळ पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक टाका, कडा दगडांनी दाबून बंद करा. अकरा ते तीनपर्यंत. आतलं तापमान 57 अंशांच्या वर तासभर राहिलं की अंडी, अळी, भुंगेरा काहीच वाचत नाही. नुसत्या चटईवर घातलेल्या उन्हाने एवढं होत नाही. दाणे सुकतात, भुंगेरे उडून भिंतीवर बसतात आणि संध्याकाळी परत येतात.

दुसरी पायरी म्हणजे नव्याने शिरकाव होऊ न देणं. जुनी पद्धत राखेची, आणि ती आजही उत्तम आहे, फक्त आपण हात आखडता घेतो. मूठभर राख वरून भुरभुरवून काही होत नाही. चार मापं वालाला तीन मापं चाळलेली, पूर्ण गार आणि कोरडी राख लागते, म्हणजे दाण्यांमधल्या फटी भरतात आणि भुंगेऱ्याला फिरता येत नाही. वर बोटभर राखेचा थर द्या. लाकडाची किंवा गोवरीची राख चालते. कचरा, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जाळलेली नको. बियाण्यासाठी मला राखच पसंत आहे.

खायच्या वालाला तेल बरं. किलोला पाच मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचा शेंगदाणा तेल, हाताने चोळून प्रत्येक दाण्याला लागेल असं. तेलाने अंड्यांचा श्वास कोंडतो. मात्र दाण्याच्या आत शिरलेल्या अळीचं ते काही वाकडं करत नाही, म्हणून आधीची फ्रीजरची किंवा उन्हाची पायरी टाळू नका.

तिसरा मार्ग हवाबंद करण्याचा. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी एकात एक तीन पिशव्यांची पद्धत बसवली: आत जाड प्लास्टिकच्या दोन, बाहेर विणलेली गोणी. दाणे दाबून भरायचे, हवा काढायची, प्रत्येक पिशवीचं तोंड वेगळं बांधायचं. आतला प्राणवायू कीडच संपवते आणि त्याच्या अभावी अंगातलं पाणी आटून मरते. हेच तत्त्व घरी कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीला लावता येतं. बाटली आतून खडखडीत कोरडी, वाल गळ्यापर्यंत ठासून, झाकण घट्ट. अर्धी भरलेली बाटली उपयोगाची नाही, तिच्यात हवा उरते. रोज उघडायचा मोठा डबाही म्हणूनच किडतो. महिन्याला लागेल तेवढाच वाल एका बाटलीत भरा.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर घाला, पण सुकलेला. ओला पाला ओलावा आणतो. त्याच्या भरवशावर मात्र राहू नका. आणि काही गोष्टी धान्यात मुळीच नकोत. बोरिक पावडर हे खाण्याचं द्रव्य नाही, धुऊन सगळी जाते हा गैरसमज आहे. पाऱ्याच्या गोळ्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या म्हणून निर्धोक ठरत नाहीत. सेल्फॉससारख्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. त्यांच्या विषारी वायूने बंद खोलीत माणसं दगावली आहेत.

वालाचा डबा उंचावर, भिंतीपासून सुटा, चुलीपासून दूर ठेवा. उष्ण आणि दमट जागेत वाल किडला नाही तरी म्हातारा होतो: दोन-दोन दिवस भिजवूनही मोड धड येत नाहीत आणि कुकरच्या शिट्ट्या वाढतात. पहिला पाऊस पडायच्या आत एकदा सगळं तपासा. आषाढात ऊन मागून मिळत नाही.

शिजवण्याबद्दल एवढंच. सुका वाल कच्चा किंवा अर्धकच्चा खायचा नाही, त्यात पचनाला आडवी येणारी आणि विषारी द्रव्यं असतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, फडक्यात बांधून मोड आणून, कोमट पाण्यात टाकून सालं काढून मग पूर्ण शिजवायचा. बिरडं करणाऱ्या घरांत हे सगळं आपसूक होतंच. नव्याने करणाऱ्यांनी भिजवलेलं पाणी रश्शासाठी राखून ठेवू नये.

राहिलं बियाणं. ते खायच्या वालातून उरलेलं नसावं. फुलोऱ्यातच आठ-दहा निरोगी, लवकर भरणारी झाडं दोरी बांधून राखून ठेवा, त्यांच्या मधल्या शेंगा वेगळ्या काढा आणि राखेत भरून डब्यावर जात आणि साल लिहा. पुढच्या वर्षी भात कापणीच्या पंधरा दिवस आधी त्यातले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सहा-सात दिवसांनी उघडून पाहा. 80 वर उगवले तर बेधडक पेरा. 60-70 असतील तर बी दीडपट घ्या. पन्नासच्या खाली आले तर तो डबा बिरड्याचा. बियाणं दुसरीकडून आणा, अजून आठवडाभर हातात आहे.